सातवा नियम

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा आज संपली. आमची मुलं उपांत्य सामन्यात हरली, पण तिसऱ्या क्रमांकाची ढाल घेऊन आली. मुख्याध्यापकांनी ती कपाटात ठेवताना 'कबड्डीची का?' असं विचारलं. चौदा वर्षं मी या शाळेत खेळ शिकवतेय आणि अजून हेच.

खरं तर मी खो-खोवाली. कुडाळला असेपर्यंत फुटबॉलला कधी हात लावला नव्हता, म्हणजे पाय. लग्न होऊन विरारला आले, शाळेत लागले आणि बघते तर इथल्या किनाऱ्यावरच्या गावांत पोरं चालायच्या आधी चेंडू मारतात. मग नियमांचं पुस्तक आणून पाठ केलं.

सामन्यानंतर राजोडीचे ज्युलियस सर बाकावर येऊन बसले. सी-गल क्लबचे ते अध्यक्ष. तरुणपणी मुंबईतल्या एका कंपनीकडून खेळलेले, आता साठीला आलेत. म्हणाले, "टीचर, आमच्या पोरांचं आयुष्य गावागावांत खेळण्यात जातं. मोठे क्लब मोठ्यांशी खेळणार, आम्ही आमच्याशी."

मी सहज बोलून गेले. म्हटलं, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच भांड्यात टाका. गोव्याचा पगारी संघ असो की किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे तुमचे. ज्याच्यासमोर जो येईल तो. एकदा हरला की घरी. देशभरातून बोलवा.

ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चहा घेणार?"

शनिवार, १४ नोव्हेंबर

राजोडीच्या चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. ज्युलियस सर उभे राहून म्हणाले, "माझ्या मनात बरेच दिवस आहे. एक अखिल भारतीय चषक. व्यावसायिक आणि हौशी, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच भांड्यात!" किती छान मांडलं त्यांनी. मला एवढ्या लोकांपुढे जमलं नसतं.

मला मानद चिटणीस केलं. एकाने विचारलंच, "बाहेरच्या बाईंना कशाला?"

"बाहेरच्या आहेत म्हणूनच," सर म्हणाले. "उद्या कोणी बोलायला नको, की गावाने गावाला झुकतं माप दिलं. सगळे कागद टीचरच्या सहीने जातील."

परत येताना एसटीत मी खिडकीशी बसून हसत होते. कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठे जायचंय म्हणून.

बुधवार, ९ डिसेंबर

अकरा पत्रांपैकी चारांची उत्तरं आली. मडगावचा मांडवी युनायटेड यायला तयार आहे. मुंबईचा अरुणोदय पेंट्सही. पण दोघांनी जवळजवळ एकच लिहिलंय: गावचे संघ ऐनवेळी दुसऱ्या क्लबचे पगारी खेळाडू गुपचूप उतरवतात, आमचे हात पोळलेत, तेव्हा याची हमी कोण देणार?

रास्त आहे. मी असते तर मीही विचारलं असतं.

रविवार, ३ जानेवारी १९९९

आज नियम पुरे केले. एकूण बावीस. सातव्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला: 'हौशी संघातील कोणत्याही खेळाडूने चालू मोसमात व्यावसायिक वा कंपनीच्या संघाकडे नोंदणी केलेली नसावी. तसे आढळल्यास संपूर्ण संघ बाद होईल. पात्रतेबाबत चिटणिसांचा निर्णय अंतिम राहील.'

सोबत हमीपत्र टाइप केलं. 'मी, वसुंधरा आत्माराम परुळेकर, प्रत्येक खेळाडूची स्वतः खात्री करून…'

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं. विमा कंपनीत वीस वर्षं दाव्यांचे कागद तपासतायत, त्यामुळे घरातल्या किराणा यादीतसुद्धा चूक काढतात. म्हणाले, "सगळं तुझ्याच सहीने का जातंय? अध्यक्षांची सही कुठाय?"

"त्यांचा विश्वास आहे माझ्यावर."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून चष्मा खाली घेतला. माझं काही चांगलं चाललंय हे ह्यांना बघवत नाही की काय कोण जाणे.

शनिवार, १३ फेब्रुवारी

पाण्याचा टँकर आज आमच्या बिल्डिंगला दुपारी आला. हंडे भरून वर आले तर ज्युलियस सर दारात, हातात स्थानिक संघांच्या अर्जांचा गठ्ठा. राजोडीहून इथे विरारच्या चंदनसारला, एवढ्या उन्हात आले बिचारे.

म्हटलं, खेळाडूंना समक्ष बघून सही करते. ते म्हणाले, "टीचर, अर्धे बोटीवर, अर्धे मुंबईला नोकरीवर. कुठे कुठे फिरणार तुम्ही? यातला एकेक पोरगा माझ्यासमोर मोठा झालाय. का माझ्यावर विश्वास नाही?"

असं कुणी विचारल्यावर काय बोलणार? त्यात संपदाची बारावीची परीक्षा दहा दिवसांवर. ती आतून ओरडत होती, आई, गणिताचं पुस्तक कुठे ठेवलंस. सी-गलचे अठरा अर्ज, बाकीच्या संघांचे मिळून पन्नास. बसल्या बसल्या सगळ्यांवर सह्या केल्या; आता मुदतीत फुटबॉल संघटनेकडे पाठवायचे. हात दुखून आला.

रविवार, ७ मार्च

संपदाचा उद्या केमिस्ट्रीचा पेपर, आणि मी दिवसभर राजोडीच्या मैदानावर. ती म्हणाली, जा गं, तू असलीस की जास्त टेन्शन येतं. बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच तसं आहे, कळत नाही.

मैदान झकास होतंय. चाळीस माणसं दगड वेचत होती, बायका पाणी मारत होत्या. सी-गलच्या एका मुलाचा खेळ बघून मी हातातलं काम विसरले. रुडॉल्फ नाव. चोवीस-पंचवीसचा असेल. चेंडू त्याच्या पायाशी आला की थांबून विचारतो जणू, आता कुठे जाऊ? वडील समुद्रात गेले तेव्हा हा पाच वर्षांचा होता. आई कॅथरिन मासळी विकते.

मी विचारलं, नोकरी कुठे? "पेंटच्या कंपनीत, टीचर. स्टोअरला. टेम्पररी." त्याच्याकडे निळी छान पिशवी होती, वर उगवत्या सूर्याचं चित्र. म्हटलं अशी पिशवी संपदाला हवी, कुठे मिळते? तर म्हणाला, मित्राची आहे.

स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला तेव्हा सगळे ओळीत उभे राहिले आणि हा नेमका गायब. इतका खेळतो आणि इतका लाजाळू! आजकाल अशी मुलं राहिली नाहीत.

रविवार, २१ मार्च

सोडत झाली. सोळा चिठ्ठ्या एका मोठ्या पितळी हंड्यात टाकून मी हात घालून हलवल्या. केरळ, बंगाल, गोवा, मणिपूर, आणि आपले राजोडी, नायगाव. हॉलमध्ये इतकी शांतता की हंड्यावर माझ्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या.

सी-गल जिंकत गेले तर उपांत्यपूर्व फेरीत मांडवी युनायटेड, आणि त्याहून पुढे गेलेच तर अरुणोदय पेंट्स. तो तक्ता फळ्यावर लिहिला तेव्हा ज्युलियस सरांनी रुमाल काढून मान पुसली. पंखे बंद होते, सगळ्यांनाच उकडत होतं.

रविवार, ११ एप्रिल

ईस्टर होऊन आठवडा झाला आणि आज चषक सुरू झाला. खरंच सुरू झाला! मणिपूरचे खेळाडू तीन दिवस गाडीत बसून आले आणि आल्या आल्या समुद्र बघायला पळाले. पाच हजार माणसं तरी होती. पहिली शिट्टी वाजली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली म्हणून सांगितलं.

रविवार, १८ एप्रिल

सी-गलने मांडवी युनायटेडला हरवलं. एक शून्य. मी लिहितेय आणि मलाच पटत नाही.

त्यांच्यात दोन जण भारताकडून खेळलेले. आपल्यात तिघे बोटीवरचे, एक बेकरीवाला. सत्तराव्या मिनिटाला रुडॉल्फने तीस पावलांवरून असा मारला की त्यांचा गोलकीपर हललाच नाही. चुलीवरची भांडी सोडून बायका मैदानात धावल्या. ज्युलियस सर रडत होते. मी, बेचाळीस वर्षांची शिक्षिका, खुर्चीवर उभी राहून शिट्टी वाजवत होते. त्या खुर्चीचा पाय मोडला.

उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस रुडॉल्फला जाहीर केलं तर तो पुढे येईना. शेवटी कॅथरिनने येऊन घेतलं. फोटोसाठी तिने बक्षीस तोंडासमोरच धरलं. फोटोग्राफर हसत होता.

आता उपांत्य सामना पुढच्या रविवारी, अरुणोदय पेंट्सशी.

मंगळवार, २० एप्रिल

मला काय लिहावं कळत नाहीये.

शाळा सुटताना गेटवर अरुणोदय पेंट्सचे मॅनेजर उभे होते. जितेश ठाकूर, पस्तिशीचे, हातात मोबाइल फोन. म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटं. इथेच बोलू, ऑफिसमध्ये नको."

रुडॉल्फ त्यांचा खेळाडू आहे. गेली दोन वर्षं. मोसमाच्या सुरुवातीलाच रीतसर नोंदणी झालेली. स्टोअरची नोकरी आहे ती फक्त कागदावर, खेळण्यासाठीच त्याला ठेवलंय. महिन्याभरापूर्वी कावीळ झाली म्हणून सर्टिफिकेट पाठवून तो घरी बसलाय. रविवारच्या सामन्याच्या बातमीत 'सी-गलच्या रुडॉल्फचा गोल' वाचून ठाकूरांनी ओळखलं.

म्हटलं, "मग तुम्ही तक्रार द्या. मी आत्ता घेते."

"तक्रार कशाला, मॅडम? तक्रार केली की साहेबांपर्यंत जाणार, पोरगा नोकरीतून उडणार. जूनमध्ये पर्मनंट होतोय तो. आणि वॉकओव्हर घेऊन फायनलला गेलो तर आमचीही इज्जत जाते, लोक म्हणणार गाववाल्यांना घाबरले."

"मग माझ्याकडे का आलात?"

"फक्त कानावर घालायला. खेळू दे त्याला रविवारी." ते हसले. "आमच्या विरुद्ध कसं खेळायचं ते त्याला माहीत आहे. आम्ही समजावलंय. सी-गल इज्जतीने हरेल, सगळे खूश. तुमच्या हमीपत्राला कोण हात लावतोय? तुम्हाला काहीच करायचं नाहीये."

रिक्षात बसताना म्हणाले, "टेन्शन मत लो, मॅडम."

बुधवार, २१ एप्रिल

शाळेतून थेट राजोडी. ज्युलियस सर घरामागे केळी कापत होते. सगळं सांगितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला नाही.

"हे तुम्हाला माहीत होतं, सर?"

"थोडंफार कानावर होतं. वाटलं, पहिल्या फेरीत हरतील, कोण विचारतंय." मग म्हणाले, "टीचर, पोराच्या आईचा विचार करा. गावाचा करा. आणि जितेश बोलतोय ते काय वाईट आहे? रविवारी हरू. झालं."

"आणि माझी सही?"

"ती कोण उघडून बघणार?"

त्यांना थोडंफारच माहीत असेल. एवढ्या कामात माणसाच्या नजरेतून सुटतं. माझ्या नाही का सुटलं? ती निळी पिशवी मी हातात घेऊन बघितली होती. अरुणोदय म्हणजे उगवता सूर्य, हे पाचवीतलं पोरही सांगेल.

अठरा अर्ज. एकाही मुलाचं तोंड न बघता. 'स्वतः खात्री करून.'

गुरुवार, २२ एप्रिल

संध्याकाळी दार वाजलं. कॅथरिन. विरार फाटकापासून चालत आली होती. पिशवीत दोन मोठ्ठे पापलेट.

"हे नको," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या, टीचर. लाच न्हाय, मासळी हाय." ती खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली. "मी लेकाला बोललेली, नको खेळू. पन गाव ऐकते का? ज्युलियस तीन येळा घरी आला. बोलला, कागदाचा मी बघतो."

मी दार लोटून घेतलं.

"दोन वरसं टेम्पररी हाय माजा रुडी. जूनला पर्मनंट व्हनार. मंग मी डोक्यावरची पाटी उतरवनार. गुडघं गेलं माजं." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी काय पन करा. फकस्त त्याचा नाव नका घेऊ."

संपदाने तिला पाणी दिलं. ती गेल्यावर संपदा म्हणाली, "आई, मासे परत नाही केलेस?" मी विसरले होते. ह्यांनीच ते साफ केले.

शुक्रवार, २३ एप्रिल

आज काहीच केलं नाही. सगळ्यांना माझ्याकडून तेवढंच हवंय.

पाहुण्या संघांना पाठवलेल्या हमीपत्राची प्रत काढून वाचली. एकही शुद्धलेखनाची चूक नाही.

शनिवार, २४ एप्रिल

सकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर गेले. सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांपलीकडे रुडॉल्फ एकटाच चेंडू घेऊन बसला होता. मला बघून उठला, पण पळाला नाही.

मी विचारलं, "उद्या काय करणार आहेस?"

"काय करणार, टीचर? गोल मारला तर नोकरी गेली. नाही मारला तर," त्याने मैदानाकडे हात केला, तिथे पताका लावत होते. "बेकरीवाला आंतोन काल मला बोलला, रुडी, माझ्या पोराला तुझंच नाव ठेवणार. त्याच्याच बाजूला उभं राहून मी उद्या खोटं खेळू?"

"मग बस तू. सांग पाय दुखतोय."

"कोण मानणार? उचलून नेतील मला मैदानात. आणि मी बसलो तरी परवाचा गोल पुसला जातो का? गोव्यावाले घरी गेले ना." वाळूत बघत म्हणाला, "टीचर, तुम्हीच काढा ना आम्हाला. तुमचं चालतं. तुम्ही सांगितलं तर कोणाला काय बोलता येणार नाही."

त्याच्याही लेखी मी तेवढ्यासाठीच. पण सगळ्या आठवड्यात हाच एक जण होता ज्याने मला काहीतरी करा म्हटलं. बाकी सगळे काही करू नका म्हणत होते.

तिथून परत येताना विचार केला. नियम पाळायचा तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं तर नाव येणार. नाव आलं तर त्या बाईची पाटी तिच्या डोक्यावर कायमची. नियम नाही पाळला तर मांडवीच्या अठरा मुलांना मी फसवलं, आणि उद्या राजोडीच्या सहा हजार माणसांना. कुठूनही गेलं तरी तिथेच येत होते.

ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, मी सांगत होतो. ते तसं म्हणाले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "नोंदणी रद्द व्हायला खेळाडूचीच चूक लागते असं नाही. कागदाची पण चालते."

"म्हणजे?"

"आमच्याकडे अर्धे दावे त्यावरच फेटाळतात. अर्ज मुदतीत पोचला नाही. कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये राहिला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण मग कारकून मरतो, वसू."

रविवार, २५ एप्रिल

झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच आठवणार नाही.

दुपारी तीनला मैदान भरलं होतं. झाडांवर, कौलांवर, चर्चच्या भिंतीवर माणसं. नायगावहून ट्रक भरून आले होते. हे माझ्याबरोबर आले. फुटबॉल बघायला पहिल्यांदाच.

मी आधी ज्युलियस सरांना गाठून सांगितलं, मी काय बोलणार आहे ते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. नाव येणार नाही म्हटल्यावर रंग परत आला. "तुम्हाला ठीक वाटतं ते करा, टीचर," एवढंच म्हणाले आणि मंडपात जाऊन बसले.

चारला दहा कमी असताना माइक घेतला. म्हटलं, "सी-गल संघाच्या खेळाडूंचे अर्ज मी मुदतीत संघटनेकडे पाठवायला हवे होते. ते माझ्याकडून राहून गेले. त्यामुळे नियमाप्रमाणे सी-गलची नोंदणी झालेलीच नाही. सी-गल स्पर्धेतून बाद होत आहे. अरुणोदय पेंट्सला पुढे चाल देण्यात येते. चूक सर्वस्वी माझी आहे. खेळाडूंचा यात काही दोष नाही."

मला वाटलं होतं दगड येतील. काहीच आलं नाही. सहा हजार माणसं गप्प बसून राहिली. उठेचनात. लहान मुलांचं रडणंसुद्धा थांबलं होतं. कुठूनतरी एका बाईचा आवाज आला, "बाई, परत बोला, काय बोलल्या?" आणि मला ते सगळं पुन्हा वाचावं लागलं.

आंतोन बेकरीवाला मंडपापर्यंत आला. शिवी देणार असं वाटलं. हात जोडून म्हणाला, "टीचर, आज पाठवा ना अर्ज. मी घेऊन जातो सायकलवर. आत्ता जातो." मी मान हलवली. तो तिथेच पायातले बूट काढायला लागला, नाडी सुटेना, म्हणून ओढून तोडली.

रुडॉल्फ मध्यरेषेवर उभा होता. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता.

मग ज्युलियस सर माइकवर आले. "टीचरच्या हातून चूक झाली. आम्हा सगळ्यांचं काळीज तुटलंय. पण त्या पण माणूस आहेत. राजोडी त्यांना माफ करील." लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरांसाठी. मोठ्या मनाचा माणूस, असं माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. खरंच, त्यांनी सांभाळून घेतलं नसतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

जितेश ठाकूर माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "मॅडम, एवढं कशाला केलंत? सगळं सेट होतं." त्यांना राग आला होता असं नाही. कळत नव्हतं त्यांना.

एसटी स्टँडवर एकाने ओळखलं आणि बाकी रांगेला सांगितलं. हे माझ्या आणि रांगेच्या मध्ये उभे राहिले. एसटी येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

नियम पाळला आणि तो पाळायला हजारो माणसांसमोर खोटं बोलले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी काही बोलले नव्हते.

रविवार, २ मे

अंतिम सामना. अरुणोदय पेंट्स हरले, मणिपूरचे हौशी जिंकले. गर्दी चारशे असेल. मणिपूरच्या कप्तानाने चषक घेताना मला वाकून नमस्कार केला. मी प्रमाणपत्रं वाटली. सोळाच्या सोळा संघांची वेळेत तयार होती.

रविवार, १३ जून

संपदाला बारावीत अठ्ठ्याहत्तर टक्के. त्या आनंदात विरारच्या बाजारात मासळी आणायला गेले. हल्ली राजोडीच्या बायकांसमोरून जायचं टाळते, पण आज म्हटलं किती दिवस टाळणार.

पहिल्या बाईने टोपलीवर फडकं ओढलं. "तुमाला न्हाय." दुसरी म्हणाली, "अर्ज करा, टीचर. मुदतीत करा." सगळ्या हसल्या.

तिसरी कॅथरिन होती. तिच्यासमोर मी जरा वेळ उभी राहिले. तिने मान वर केली नाही, कोलंबी निवडत राहिली. गर्दी होती, तिला मी दिसले नसेन. शेजारची तिला सांगत होती, रुडी पर्मनंट झाला, आता पाटी सोड की. कॅथरिन म्हणाली, "सोडनार. या म्हयन्यात सोडनार."

बरं वाटलं. येताना अंडी घेऊन आले.

रविवार, १० ऑक्टोबर

पाच महिन्यांत राजोडीहून कुणी फिरकलं नव्हतं. आज सकाळी दारात ज्युलियस सर. हातात पत्रांचा गठ्ठा.

पहिलं मांडवी युनायटेडचं. 'ज्या आयोजकांनी कागदाच्या चुकीसाठी आपल्याच गावच्या संघाला उपांत्य फेरीत बाद केले, त्यांच्या स्पर्धेत आम्ही दरवर्षी येऊ. मात्र चिटणीस त्याच असाव्यात.' बंगालच्या दोन क्लबांनी स्वतःहून विचारलंय. हैदराबादहूनही पत्र. सगळ्यांत माझं नाव. परुळेकर मॅडम.

सर म्हणाले, "तुमच्याशिवाय होणार नाही, टीचर. मी कमिटीला समजावलंय. गावही विसरलंय."

"गाव विसरलेलं नाही, सर. मी बाजारात जाते."

त्यांनी मांडवीचं पत्र परत गठ्ठ्यात सरकवलं.

"एक अट आहे," मी म्हटलं. पाच महिने ही वाक्यं पाठ केली होती. "मी अर्ज विसरले नव्हते, एवढं तुम्ही हॉलमध्ये उभं राहून सांगायचं. रुडॉल्फचं नाव नको. फक्त एवढंच, की टीचर विसरल्या नव्हत्या."

त्यांनी पत्रं नीट रचली, कडा जुळवल्या. "मग लोक विचारतील, काय झालं होतं? पोरगा आत्ता कुठे पर्मनंट झालाय. त्याची आई…" मग हळू म्हणाले, "हे सोडून काय पण मागा, टीचर."

त्यांचंही बरोबर आहे. त्यांना काय, सांगायला आवडलं नसतं का? पण त्या मुलाचं नाव आपोआप येणारच. मी तेव्हा जे बोलले ते आता मलाच मागे घेता येत नाही, तर ते कसं घेणार?

नाही म्हणायचं ठरवलं. साधा शब्द आहे. सरांकडे बघितलं, मग सगळ्यात वरच्या पत्राकडे. हैदराबादवाल्यांनी विचारलं होतं, मैदानाची लांबी किती, गवत की माती, सोडत कधी. सोडत. हंड्यात हात घालायचा आणि सगळ्या हॉलने श्वास धरायचा.

तोंड उघडलं आणि माझाच आवाज ऐकला, "सर, यंदा बत्तीस संघ घ्यायचे का?"

ज्युलियस सर हसले आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

आतल्या खोलीत हे पेपर वाचत होते. पेपराची घडी घालून खाली ठेवल्याचा आवाज आला.